शेरू आणि शेततळं

आज तासगावला मळ्यात शेरूला पहिल्यांदा पाण्यात उतरवलं. वय चार महिने, मस्ती चार कुत्र्यांची. द्राक्षबागेच्या कडेला शेततळं आहे आणि माझा जीव त्यातच अडकलेला. खरी भीती तळ्यात अंथरलेल्या प्लॅस्टिकच्या कागदाची. ओल्या कागदावर नखं टिकत नाहीत. पोहता येणारं कुत्रंसुद्धा वर चढायच्या धडपडीत दमून बुडतं.

म्हणून आधी मोटरीच्या हौदात, गुडघाभर पाण्यात. एक हात पोटाखाली, एक छातीशी. पुढचे पाय फटाफट आपटत होता, मागची बाजू मात्र दगडासारखी खाली. पोट जरा उचललं आणि मागचेही पाय चालू झाले! पाच मिनिटांत बास केलं. पायरी कुठं आहे नि बाहेर कसं यायचं, तेवढं मात्र दहादा घोकून घेतलं. आई बांधावरून ओरडतेय, "आरं, गारठलं की ते लेकरू, काढ आता!" (मला भावानं विहिरीत ढकललेलं तेव्हा ही माया कुठं होती?)

कान कोरडे केले, टॉवेल कामातून गेला. संध्याकाळी शेततळ्यात चारी बाजूंनी दोरीची जाळी सोडली, कुंपणाचं भोकही बुजवलं. शेरू माझ्या चपलेवर डोकं टाकून घोरतोय.