दोन २५००के, एकच व्होल्टेज, वेगळी गळती

दुसरी चिप हाती आली की दोघींची एकाच बोर्डवर चाचणी घ्यायचं ठरवलं होतं. या आठवड्यात ती झाली. दोन्ही इंटेलच्या कोअर आय५-२५००के, म्हणजे कॉम्प्युटरचा प्रोसेसर, २०११ सालचं ३२ नॅनोमीटरचं मॉडेल, दोन्ही सेकंडहँड घेतलेल्या. स्टॉक, म्हणजे कंपनीच्या मूळ, सेटिंगला 'अ' चिप १.१८ व्होल्ट मागते, 'ब' १.२५. कमी व्होल्ट मागते ती चिप सरस, असं मी आजवर धरून चाललो होतो.

मल्टिप्लायर (१०० मेगाहर्ट्झच्या मूळ क्लॉकचा गुणक) ४४, म्हणजे ४.४ गिगाहर्ट्झ. लोडखाली १.३० व्होल्ट पक्के. बोर्ड, कूलर, पेस्ट तीच. बदलायचं फक्त तापमान. कूलरचा पंखा वेगळ्या अडॅप्टरवर घेतला, म्हणजे त्याचे वॅट हिशोबात मिसळत नाहीत. सॉकेटला वॅटमीटर लावला आणि प्राइम९५, म्हणजे प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारा प्रोग्रॅम, सुरू केलं.

पंखा पूर्ण वेगात असताना 'अ' ६० अंशांवर स्थिरावली, मीटर १७२ वॅटवर. मग पंखा मंद केला आणि नुसता बघत बसलो. ६८ अंशांवर १७६, ७५ वर १८१, ८४ वर १८७. क्लॉक तोच, व्होल्टेज तेच, काम तेच, आणि १५ वॅट जादा! 'ब' ५७ वरून ८१ अंशांवर गेली, पण वॅट फक्त १६३ चे १६९ झाले.

स्विचिंगला, म्हणजे ट्रान्झिस्टर चालू-बंद व्हायला, लागणारी वीज क्लॉकच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. तापमानाशी तिचा फारसा संबंध नाही. व्हीआरएम (बोर्डवरचा, चिपला व्होल्टेज पुरवणारा भाग) तापून थोडी वीज वाया जाते, पण ती दोघींच्या बाबतीत साधारण सारखीच. उरते ती गळती, म्हणजे बंद असलेल्या ट्रान्झिस्टरमधून सोर्स आणि ड्रेन या त्याच्या दोन टोकांमध्ये झिरपणारा करंट. तापमान चढतं तसा तो घातांकी चालीने फुगतो. आता 'अ'चा स्वभाव समजला. तिच्या ट्रान्झिस्टरांचं थ्रेशोल्ड व्होल्टेज (ट्रान्झिस्टर चालू व्हायला लागणारं किमान व्होल्टेज) कमी असणार, म्हणून ते कमी व्होल्टमध्ये झटकन चालू होतात, आणि त्याच कारणाने पूर्ण बंद होत नाहीत. कमी व्होल्ट मागणं आणि गळणं, दोन्हींचं मूळ एकच.

गेटमधून, म्हणजे ट्रान्झिस्टर चालू-बंद करणाऱ्या टोकातून, होणारी गळती निराळी. २००४ च्या प्रेस्कॉट पेंटियम ४ मध्ये, ९० नॅनोमीटरला, गेटखालचा ऑक्साइडचा थर जेमतेम १.२ नॅनोमीटर उरला होता. इलेक्ट्रॉन त्यातून सरळ आरपार जात. २००७ मध्ये ४५ नॅनोमीटरला इंटेलने हाफ्नियमचा जाड थर आणला तेव्हा ती बरीच आटोक्यात आली. २५००के त्याच वाटेवरची, त्यामुळे माझ्या मीटरवर दिसते ती मुख्यतः पहिल्या प्रकारची.

मग 'अ'ला ४.७ वर नेलं, १.४० व्होल्ट. कागदावर स्विचिंगची वाढ सुमारे २४ टक्के. पण इथे नागपुरात मे महिना, खोलीत ३५ अंश. चिप तापली की गळती वाढते, गळतीने चिप आणखी तापते, म्हणजे आगीत तेलच. वीस मिनिटं झाली तरी आकडा स्थिर होईना. ९३ अंशांना मी चाचणी थांबवली. 'ब'ला ४.७ साठी १.४३ व्होल्ट द्यावे लागले, तरी ती ८६ वर थांबली आणि तासभर हलली नाही.

अतिथंड ओव्हरक्लॉकिंगवाल्यांना, म्हणजे चिप खूप गार करून ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवणाऱ्यांना, मात्र गळकीच चिप हवी असते. लिक्विड नायट्रोजनखाली गळती जवळजवळ गोठते आणि चपळपणा उरतो. २००९ मध्ये एएमडीने फेनम टू ४२ टीडब्ल्यूकेआर नावाच्या अशा निवडक गळक्या चिप खास ओव्हरक्लॉकरांना दिल्या होत्या. त्या बाजारात विक्रीला नव्हत्याच.

सध्या 'ब' रोजच्या मशीनमध्ये ४.५ वर आहे. 'अ' पुसून डबीत ठेवली. जानेवारीत खोली १८ अंशांवर आली की हीच ४.७ ची चाचणी पुन्हा घेईन. त्या वेळी पंख्याचा वेग दर पाच मिनिटांनी नोंदवणार आहे, या वेळी ते राहून गेलं. तुमच्याकडे एकाच मॉडेलच्या दोन चिप असतील तर स्टॉक व्होल्टेज आणि ६० व ८० अंशांवरचे वॅट लिहून ठेवा, मला ते आकडे हवे आहेत.