दातांची सफाई कोणत्या महिन्यात बसवावी

आमच्या डिचोलीच्या घरात चार माणसे आहेत आणि दात साफ करून घेण्याचा दर सहा महिन्यांचा सल्ला सर्वांनी तंतोतंत पाळला, तर एका वेळेचे हजार रुपये धरून वर्षाला आठ हजार होतात. हा आकडा वहीत मांडला की तो पाहूनच तारीख पुढे ढकलली जाई, आणि अशी ढकलाढकल आम्ही तीन वर्षे केली. अखेरीस आईच्या खालच्या दाढा हलू लागल्या.

तिला मधुमेह आहे. मधुमेहात हिरड्यांचा आजार लवकर बळावतो आणि हिरड्या सुजलेल्या असल्या की साखर आटोक्यात ठेवणेही अवघड जाते, ही गोष्ट मला तोवर ठाऊक नव्हती. दंतवैद्यांनी हिरडीच्या खाली साचलेले कीटण, म्हणजे दातांवर धरणारा कठीण थर, काढावे लागेल असे सांगितले. त्यासाठी अनेक खेपा झाल्या आणि खर्चही साध्या सफाईच्या कितीतरी पट आला. तिची तक्रार मात्र एकच होती, की दुखत नव्हते तर आजार कसला? पायोरिया, म्हणजे हा हिरड्यांचा आजार, बहुधा दुखत नाहीच. घासताना रक्त येते, ती बहुधा त्याची पहिली सूचना.

त्यानंतर मी हिशेबाची पद्धतच बदलली. सहा महिने हा सर्वांना लागू पडणारा आकडा नाही. ब्रिटनमधील नाइस या संस्थेच्या २००४ च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांच्या दंततपासणीचे अंतर जोखमीप्रमाणे तीन महिन्यांपासून चोवीस महिन्यांपर्यंत ठेवलेले आहे. म्हणून मी आमच्या दंतवैद्यांना प्रत्येकाचे अंतर वेगळे विचारले. आईला चार महिने, पत्नीला वर्ष, मला सहा महिने, कारण लाळग्रंथींची तोंडे जिथे उघडतात त्या खालच्या पुढच्या दातांच्या मागे माझे कीटण फार लवकर धरते. चौदा वर्षांच्या मुलाला वर्षाकाठी नुसती तपासणी पुरे आहे. आठऐवजी सहा सफाया झाल्या, आणि पैसे जिथे गरज आहे तिथे गेले.

त्यातल्या माझ्या दोन मी बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयात करून घेतो. १९८० पासून चालत असलेल्या या सरकारी संस्थेत शिकाऊ डॉक्टर वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करतात, आणि खर्च खासगी दवाखान्याच्या मानाने फारच थोडा येतो. मोल द्यावे लागते ते वेळेचे. डिचोलीहून पणजी, तिथून दुसऱ्या बसने बांबोळी, मग नोंदणीची रांग, असा निम्मा दिवस सहज जातो. मला रजा मिळते म्हणून हे परवडते. ज्याचा रोज बुडतो, त्याने बुडणारी मजुरी आणि बसभाडे धरूनच जवळच्या दवाखान्याशी तुलना करावी. आईचे गुडघे बसच्या पायऱ्यांना नकार देतात, त्यामुळे तिच्या तीन आणि पत्नीची एक अशा चार सफाया गावातच होतात. दरमहा साडेतीनशे रुपये बाजूला टाकले की वर्षाचे बेचाळीसशे जमतात. चार हजार त्यांचे, दोनशे मुलाच्या तपासणीचे.

महिन्यांची निवडही विचार करूनच केली. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या आसपास आणि दिवाळीत कोणाचीही पाळी लावायची नाही, कारण त्या काळात बाजूला टाकलेल्या पैशांवर घरातल्या प्रत्येकाचा डोळा असतो. आईची पाळी मार्च, जुलै आणि नोव्हेंबरात, पत्नीची फेब्रुवारीत, माझी जानेवारी आणि जुलैत.

आणखी एक गोष्ट मी ठेच लागल्यावर शिकलो. एका दवाखान्यात सफाईसाठी गेलो आणि दात पांढरे करण्याचे बिल घेऊन परतलो. कीटण काढणे, पॉलिश करणे आणि पांढरे करणे ही तीन निराळी कामे आहेत, आणि हिरड्यांच्या आरोग्यासाठी शेवटच्याची गरज नाही. खुर्चीवर बसण्याआधीच काय करणार आणि किती लागतील, हे विचारून घ्यावे. सफाईने दात झिजतात, ही भीती मात्र खोटी आहे. कीटण गेल्यावर दातांमधल्या फटी उघड्या पडतात आणि काही दिवस गार पाणी झोंबते, त्यावरून तसे वाटते. दात खरोखर झिजवत असेल तर ती आमच्या आजीची मशेरी, जिचा डबा तिने शेवटपर्यंत कोणाच्या हाती लागू दिला नाही.

यंदा जुलैत आईच्या हिरड्यांतून रक्त आले नाही. दंतवैद्यांनी तिचे अंतर सहा महिन्यांवर नेले आणि नोव्हेंबरची खेप वगळली. ते हजार रुपये मी अद्याप वहीत हलवलेले नाहीत. पण चवथीला गणपतीच्या वर फळे-भाज्या टांगायच्या माटोळीच्या सामानाच्या यादीत आईने परस्परच चार जिन्नस वाढवले आहेत.