आमची वाटचाल : गाळ्यामागच्या खोलीपासून

2008 साली भोसरीत एका गाळ्यामागच्या खोलीत आम्ही दोघांनी बांधकाम कंत्राटाची फर्म सुरू केली. बिलिंग-वसुली पार्टनरकडे, साइट माझ्याकडे. भांडवल म्हणजे एक सेकंडहँड ऑटो लेव्हल, उंची-सखलता मोजायची दुर्बीण. ती आजही टेबलाशेजारी आहे आणि तिची टू-पेग टेस्ट, म्हणजे ती बरोबर दाखवते का ही तपासणी, मी कुणाला करू देत नाही. टोटल स्टेशन (इलेक्ट्रॉनिक मोजणी यंत्र) आहे हो आमच्याकडे, पण प्लिंथची (जोत्याची) लेव्हल तपासायला मी हिलाच काढतो.

पहिलं काम दिलं भोसरीतल्याच एका शेठनी, मशीन शॉपच्या शेडचं. काँक्रीटची ताकद तपासायचे क्यूब भरताना ते समोर स्टूल टाकून बसायचे. सात दिवसांचा रिझल्ट दाखवला की म्हणायचे, “हा ठेवून द्या, अठ्ठावीसचा आला की चहा पाजतो.” डिफेक्ट लायबिलिटी, म्हणजे दोष दुरुस्त करून द्यायची मुदत, संपली त्या दिवशी रिटेन्शनचा (बिलातून राखून ठेवलेल्या रकमेचा) चेक माणसाबरोबर पाठवला, न मागता. पुढची तीन एक्सटेन्शनंही आम्हालाच दिली, दुसरं कोटेशन न मागवता.

2013 मात्र विसरता येत नाही. रांजणगावला एका कंपनीची पीईबी शेड, म्हणजे कारखान्यात तयार करून आणलेल्या स्टीलच्या भागांची. फाउंडेशन ड्रॉइंगची रिव्हिजनवर रिव्हिजन चालू होती. त्यांच्या माणसानं आमच्या प्रोजेक्ट इंजिनिअरला फोनवर सांगितलं, “आर-टूवर चालू करा.” म्हणजे दुसऱ्या रिव्हिजनवर. ह्यानं केलं. सी लाइनच्या खांबांना पायाशी धरणारे अँकर बोल्ट ओतून झाले आणि आर-थ्री आलं. पेडेस्टल (खांबाखालचे काँक्रीटचे ठोकळे) फोडून पुन्हा ओतली, सात आठवडे गेले. आठवड्याला अर्धा टक्का दंड, म्हणजे साडेतीन टक्के. वर शेवटची दोन आरए (चालू कामाची) बिलं अडकवली. ड्रॉइंग तुमचं उशिरा आलं म्हटलं, तर म्हणाले हिंडरन्स रजिस्टर, म्हणजे काम कशानं अडलं त्याची नोंदवही, दाखवा. रजिस्टरमध्ये दोनच नोंदी, दोन्ही पावसाच्या. ड्रॉइंग मिळाल्याच्या तारखेची सहीसुद्धा कुठे नाही.

मिक्सर आणि शटरिंगच्या प्लेटा भंगाराच्या भावानं विकून सेंट्रिंगवाल्यांचे पैसे भागवले. पार्टनर गावी शेतीकडे गेला. मी त्याला दोष देत नाही. आणि तो इंजिनिअर? दोन महिन्यांत स्वतःची फर्म काढली. त्याच कंपनीच्या फेज टूचं काम त्यानं आमच्यापेक्षा आठ टक्के खाली घेतलं. आमची रेट ॲनालिसिसची, म्हणजे दर कसा बसवला याची, शीट त्यानंच तर बनवली होती!

पुढची वर्षं कामं येत गेली, पगार वेळेवर झाले.

आता प्रोजेक्ट इंजिनिअर घेताना मी बीम डिझाइन विचारत नाही. साइटवर फिरवून आणतो आणि आजचा डीपीआर (दिवसभराच्या कामाचा अहवाल) लिही म्हणतो. कोणत्या गँगचे किती जण, स्टील किती आलं, काम कशानं अडलं, हे ज्याला लिहिता येतं तो राहतो. नव्या पोरांना सांगतो : तोंडी सूचना आली की संध्याकाळच्या आत मेल टाका, “आपल्या बोलण्याप्रमाणे” अशी सुरुवात करून. पीपीसी (राखेसारखं द्रव्य मिसळलेलं) सिमेंट असेल तर क्युरिंग, म्हणजे पाणी मारणं, दहा दिवस, सातला पाइप गुंडाळू नका. आणि टेम्प्लेट (बोल्ट जागेवर धरणारा साचा) लावल्याशिवाय अँकर बोल्ट ओतू नका, बाप आला तरी.

मागच्या महिन्यात त्याच कंपनीकडून फेज थ्रीची चौकशी आली. कोटेशन पाठवलं. सोबत हिंडरन्स रजिस्टरचा कोरा नमुना जोडला, त्यांच्या सहीच्या रकान्यासकट. अजून उत्तर नाही.