बल्ब शाबूत, तरी डॅशबोर्डची बोंब: होडीचा ट्रेलर ओढत तीन दिवस

मधला, पाण्यावरचा दिवस मजेत गेला. त्याबद्दल एवढंच. लिहायचंय ते जाता-येतानाच्या रस्त्याबद्दल आणि ‘ट्रेलरचा डावा इंडिकेटर तपासा’ या एका ओळीबद्दल, जिने माझं डोकं उठवलं. ट्रेलर जोडता येतो, रिव्हर्स घेता येतो आणि मल्टिमीटर वापरता येतो, हे गृहीत धरतोय. येत नसेल तर आधी ते शिका, मग निघा.

निघायच्या आठवडाभर आधी ट्रेलरला एलईडी दिवे बसवले. ‘गाडीला कळणारसुद्धा नाही,’ असं विकणारा म्हणाला होता. पहिल्याच वळणावर कळलं. इंडिकेटर दिला की टुंग! उतरून बघावं तर दिवा झकास उघडमीट करतोय. वाटेतल्या गॅरेजवाल्याने छातीठोक निदान केलं: गाडीचेच मागचे बल्ब कमजोर झालेत. चार बदलले, पैसे वाजवून घेतले. जुने बल्ब मी मागून घेतले, तर चारही धडधाकट. आणि दहा मिनिटांत पुन्हा टुंग.

चूक माझीही होती, साधी चाचणी केली नाही. ट्रेलरचा प्लग काढायचा, इग्निशन बंद करून पुन्हा चालू करायचं आणि बघायचं. इशारा गेला, तर गाडीच्या बल्बना कुणाला हातही लावू देऊ नका.

गाडीला दिवा दिसत नाही, ती करंट मोजते. 21 वॅटचा साधा बल्ब 12 व्होल्टवर पावणेदोन अँपिअर खातो, एलईडी त्याच्या मानाने चिमूटभर. गाडीच्या हिशेबी बल्ब उडालेला. म्हणून बल्बइतका करंट खायला दिव्याला समांतर रेझिस्टर लावतात, 6 ओहम, 50 वॅटचा. पण तो 2 अँपिअर खाऊन 24 वॅटची उष्णता ओकतो. मी शहाणपणा करून तो टेपने दिव्याच्या प्लॅस्टिकला चिकटवला. वास आला तेव्हा डबी वितळून चिमटली होती. बोल्टने चेसिसच्या लोखंडावरच बसवा. ब्रेकलाइटच्या रेझिस्टरला तर जास्तच जपा, ट्रॅफिकमध्ये पाय ब्रेकवरच असतो.

गाडीच्या दिव्यांच्या वायरींना जोडून घेतलेलं ट्रेलरचं साधं वायरिंग किट असेल तर सरळ बायपास रिले घ्या. तो गाडीच्या दिव्यांकडून फक्त सिग्नल घेतो, करंट फ्यूजमधून थेट बॅटरीचा. ट्रेलरचा भार गाडीला जाणवतच नाही.

रेझिस्टर लावले, वाटलं सुटलो. मग तो चढ आला. रात्र, पाऊस, उखडलेला रस्ता, आणि प्रत्येक खड्ड्याला टुंग. खड्डा सरला की गप्प. अर्ध्या तासात मी वेडा व्हायचा बाकी होतो. थांबलो, सोबत्याला ब्रेक दाबायला लावला आणि मागे उभा राहिलो. ब्रेकलाइट लागला की टेललाइट मंद, शेजारचा इंडिकेटर उगाचच मिणमिणतोय. हा अर्थिंगचा, म्हणजे करंट परत जायच्या वाटेचा दोष, दुसरं काही नाही! माझ्या सात पिनी प्लगमध्ये तिसरी पिन अर्थची, वायर पांढरी. ती चेसिसला जिथे बोल्टने कसली होती तिथे रंग आणि त्याखाली गंज. करंट परत जात होता तो टो-बॉलवरून, म्हणजे गाडीमागच्या ज्या गोळ्यावर ट्रेलर अडकतो त्यावरून, आणि त्या ग्रीस लावलेल्या गोळ्यावर कपलर, म्हणजे ट्रेलरचं तोंड, उडालं की संपर्क तुटत होता. दिव्याच्या अर्थपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मीटर लावला: दोन व्होल्टच्या वर! मानेवरून पाणी ओघळतंय, टॉर्च दातांत, आणि मी पॉलिश पेपरने लोखंड चमकेपर्यंत घासतोय. बोल्ट कसल्यावर मीटरचा आकडा जवळजवळ शून्यावर आला तेव्हा मी भर पावसात ओरडलो. नवे दिवे, नवे बल्ब, काहीही विकत घ्यायच्या आधी हा एक बोल्ट सोडवा.

होडी उतरवताना ट्रेलर पाण्यात घालण्यापूर्वी प्लग काढायचा असतो. मी विसरलो.

परतताना डॅशबोर्ड अगदी गप्प. मी खुशीत शीळ घालतोय आणि मागचा गाडीवाला सारखे दिवे मारतोय. शेवटी वैतागून थांबलो. डावा दिवा ठार मेलेला, आत पाणी डुचमळतंय. रेझिस्टर मात्र चेसिसवर बसून आपले 2 अँपिअर इमानेइतबारे खात होता.