केमोचा नंबर लगेच लागला, मनाच्या डॉक्टरांचा लागेना

छातीतली गाठ कॅन्सरची निघाली आणि पुढचं सगळं सांगली-मिरजेत भराभर झालं. बायोप्सी, स्कॅन, महात्मा फुले योजनेची मंजुरी, कुठंच अडलं नाही. आरोग्यमित्रानं तर कागद स्वतः लावून दिले. अडलं ते मनाच्या डॉक्टरांपर्यंत पोचताना. तो राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहितेय.

आमचं गाव तासगाव तालुक्यात. रिपोर्ट आला तेव्हा बागेत ऑक्टोबर छाटणी सुरू होती, घरात मजुरांचा राबता. भाकरीचं पीठ मळायला घ्यायचे आणि परातीसमोर नुसती बसून राहायचे. पाणी किती घातलं ते आठवायचं नाही. रात्री दचकून जाग यायची, छातीत धडधड, तळहाताला घाम. मग पहाटेपर्यंत एकच विचार, मुलीच्या दहावीपर्यंत मी असेन का. येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "मन घट्ट कर. रडलीस तर आजार वाढतो." त्यामुळे मी रडायचीही भीती घेतली. रडण्यानं गाठ वाढत नाही, हे मला पुढं डॉक्टरांकडूनच कळलं. भेटायला जाणाऱ्यांनो, कृपा करून असलं काही बोलू नका. जेवणाचा डबा द्या, शेजारी बसा, तेवढं पुष्कळ होतं.

कॅन्सरच्या ओपीडीत सिस्टर दर वेळी विचारायच्या, दुखणं शून्य ते दहात किती? मनाच्या त्रासालाही असाच शून्य ते दहा आकडा विचारायची पद्धत आहे. चार किंवा त्याच्या वर आला तर पुढची चौकशी करायची असते. मला तो कुणी विचारला नाही. शेवटी मीच म्हणाले, "डॉक्टर, झोप नाही, आणि जगावंसं वाटत नाही." त्यांनी पेन खाली ठेवलं, नीट ऐकून घेतलं आणि लगेच चिठ्ठी दिली. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

तक्रार त्या खिडकीबद्दल आहे. मनाच्या डॉक्टरांची ओपीडी ठरावीक वारीच, तीही दुसऱ्या इमारतीत. खिडकीवर म्हणाले, हा केस पेपर इकडं चालणार नाही, नवा काढा. नवा काढला तर म्हणे जुनी फाईल दाखवा. फाईल योजनेच्या टेबलावर अडकलेली, झेरॉक्स त्यांना नको. वर ऐकवलं, "कॅन्सरचा पेशंट इकडं कशाला? टेन्शन सगळ्यांनाच असतं." तोवर डॉक्टर राउंडला गेले, आता पुढच्या वारी या.

पुढच्या वारी फाईल घेऊन पोचलो. बाकड्यावर जागा नव्हती, भिंतीला टेकून उभी राहिले. एवढ्यात खिडकीतून मोठ्यानं आवाज आला, "ती मानसिकवाली बाई कुठाय?" रांगेतली सगळी तोंडं वळली. त्यात शेजारच्या गावची एक ओळखीची बाईही होती. आमच्या मालकांचा चेहरा पडला. "चल, घरी जाऊ," म्हणाले. मी म्हटलं, "अहो, बसा. मी नंबर सोडणार नाही." आणि खिडकीशी जाऊन सांगितलं, माझं नाव कागदावर आहे, नावानं नाहीतर नंबरानं हाक मारा. अंगात ताकद नव्हती, पण तेवढं बोलले याचं मला आजही बरं वाटतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम २३ गोपनीयतेचं आहे. आपल्या मनाच्या आजाराची आणि उपचाराची माहिती गुप्त राहणं हा पेशंटचा हक्क आहे. कुणी असं ओरडलं तर बिनधास्त हे कलम सांगा. आणि त्या दिवशीही डॉक्टर भेटले नाहीत. मीटिंग होती.

याच मधल्या काळात केमो सुरू झाली. सोबतच्या स्टेरॉइडच्या गोळीनं उरलीसुरली झोपही गेली. (ती गोळी सकाळी घेतली तर चालेल का, हे आपल्या डॉक्टरांना विचारा. मला त्यानं फरक पडला.) एका रात्री अगदी असह्य झालं तेव्हा १४४१६ लावला. हा टेलि-मानसचा नंबर, सरकारनं २०२२ मध्ये सुरू केलेला, फुकट आणि चोवीस तास. पलीकडच्या ताई मराठीत बोलल्या. जीव द्यावासा वाटतो का, असं त्यांनी सरळ विचारलं आणि म्हणाल्या, आत्ता घरातल्या एकाला उठवा. मी मालकांना उठवलं. चिठ्ठी मिळाली त्याच दिवशी हा नंबर मला कुणी का दिला नाही?

अखेर मनाच्या डॉक्टर मॅडम भेटल्या. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न विचारले, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासायला सांगितलं, कारण त्यांच्यामुळंही असंच गळून गेल्यासारखं होतं. कॅन्सरच्या पेशंटमध्ये साधारण तिघांत एकाला मनाचा असा काही ना काही त्रास होतो, म्हणाल्या. स्वीडनमधला २०१२ चा एक मोठा अभ्यासही त्यांनी सांगितला. निदानानंतरच्या पहिल्या आठवड्यात आत्महत्येचा धोका कॅन्सर नसलेल्यांपेक्षा बारा पटींहून जास्त आढळला होता. पहिल्याच आठवड्यात! आणि आम्हाला म्हणे पुढच्या वारी या.

गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, मध्येच सोडू नका असं बजावलं होतं. तसंच झालं. आधी झोप आली, मग भूक. आता भाकऱ्या मीच थापते.

चिठ्ठी घेताना कॅन्सरच्या डॉक्टरांकडून तिच्यावर 'तातडीचे' लिहून घ्या आणि फाईल कुठल्याही टेबलावर सोडण्याआधी तिच्या दोन झेरॉक्स काढून शिक्के मारून ठेवा. आणि हे विसरतच होते: पुढं टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कॅन्सरवरची गोळी) सुरू होणार असेल तर मनाच्या डॉक्टरांना आधीच सांगा. पॅरोक्सेटिन, फ्लुओक्सेटिन यांसारख्या उदासीपणावरच्या गोळ्या त्या औषधाचा परिणाम कमी करू शकतात. मॅडमनी विचारलं म्हणून माझी गोळी वेगळी निवडली गेली. नावं तोंडपाठ सांगत बसू नका, सगळी पाकिटंच सोबत न्या.