लोटलीतल्या जुन्या घरात तीन रात्री

मडगावला दुपारी गाडीतून उतरलो, रिक्षा केली आणि दोनच्या सुमारास लोटलीत पोहोचलो. तुम्ही ही वेळ टाळा. दक्षिण गोव्यातल्या सासष्टी तालुक्याच्या गावांत दुपारी एकला दुकानं मिटतात, ती चारपर्यंत उघडत नाहीत. घरमालकीणबाईंनी आमची अवस्था ओळखून पेज आणि लोणचं पुढे केलं, म्हणून निभावलं. जेवणाचं आधी कळवून ठेवा किंवा मडगावातच जेवून निघा.

घर पोर्तुगीज काळातलं. पुढे बाल्कांव, म्हणजे पायऱ्या चढल्यावर दोन्ही बाजूंना बसायचे ओटे. आत लाल कोब्याची जमीन, वर मंगलोरी कौलं, खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांची तावदानं. त्यांतून येणारा उजेड दुधासारखा मऊ असतो. भर दुपारीही डोळ्यांवर येत नाही.

बाईंनी दुरुस्तीची हकिकत सांगितली, ती मला फार महत्त्वाची वाटते. मधल्या काळात कुणीतरी भिंतींना सिमेंटचा गिलावा केला होता. भिंती जांभ्या दगडाच्या, आणि जांभा ओल शोषतो आणि सोडतो. वर सिमेंट बसलं की ती ओल आतच कोंडते आणि पोपडे सुटू लागतात. तो सगळा गिलावा खरवडून त्यांनी पुन्हा चुन्याचा केला. त्याआधी घराच्या वाटेकऱ्यांच्या सह्या मिळवण्यात कित्येक वर्षं गेली. गोव्याच्या वारसा कायद्यात मुलगा-मुलगी सगळ्यांना समान वाटा, आणि निम्मी कुटुंबं परदेशात. रस्त्याने चालताना कुलूपबंद, कौलं ढासळलेली घरं दिसतात ना, त्यांच्यामागे बहुतेक वेळा हेच असतं. म्हणून असं उभं राहिलेलं घर दिसलं की मन भरून येतं.

पहिल्या रात्री एसी लावून खिडक्या बंद केल्या आणि खोली कुबट झाली. दुसऱ्या रात्री एसी बंद, खिडक्या उघड्या, वर मच्छरदाणी. उंच छताखाली गार झोप लागली. मच्छरदाणी आहे का, हे बुकिंग करतानाच विचारा.

गावात फिगेरेदो कुटुंबाचं जुनं घर संग्रहालय म्हणून पाहता येतं. फोन करून जा. चांदोरचा ब्रागांझा वाडाही याच फेरीत होतो. पण एक सकाळ रामनाथीच्या देवळासाठी राखून ठेवा. हा देव मूळचा लोटलीचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी सासष्टीतली देवळं पाडायला घेतली, तेव्हा भक्तांनी तो जुवारी नदीपलीकडे फोंड्यातल्या बांदिवड्याला नेला, कारण फोंडा तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात नव्हता. बोरीच्या पुलावरून आम्ही गेलो ती वाट त्या काळी होडीची होती. ज्या गावातून देव निघाला तिथे मुक्काम करून त्याच्या दर्शनाला जाणं, हा अनुभव मला शब्दांत नीट मांडता येत नाही.

स्कूटर भाड्याने घेणार असाल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देणं बेकायदा आहे आणि पोलीस अडवतात. मे महिन्यात घामाने जीव जातो, जून-जुलैत पाऊस घरातून हलू देत नाही. पावसासाठीच येणार असाल तर मात्र तेच दिवस निवडा. कौलांवरचा आवाज ऐकत बाल्कांवात बसायला आम्ही तेव्हा पुन्हा जाणार आहोत.

आणि सुटे पैसे उशाशी ठेवून झोपा. पोदेर, म्हणजे पाववाला, उजाडतानाच सायकलचा भोंगा वाजवत येतो, गरम पोई (गोव्याचा कोंड्याचा पाव) देतो आणि थांबत नाही.