शनिवारी पहिला, रविवारी काट्यावर

दोन दिवस झाले तरी डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहायला बसलोय. मार्च २०२५ मधली चीनच्या शांघायची रेस. ज्यांना फॉर्म्युला वन माहीत नाही त्यांनी पण वाचा, कारण यातलं अर्धं प्रकरण वजनकाट्याचं आहे आणि काटा सांगलीकराला समजावून सांगावा लागत नाही.

आमचे आण्णा मार्केट यार्डात आयुष्यभर तोलाईदार होते आणि मी तिथंच एका अडत दुकानात हिशोब बघतो, आता मार्च म्हणजे हळदीचा ऐन सीझन, राजापुरीची पोती थप्प्यांनी लागलेली, जेवायला पण वेळ नसतो. पण शुक्रवारी दुपारी एक वाजता स्प्रिंट क्वालिफायिंग होतं, म्हणजे शनिवारच्या छोट्या रेसला कोण पुढं उभं राहणार ते ठरवायचं, मोबाईल कॅल्क्युलेटरशेजारी उभा करून फॅनकोड ॲप लावलं आणि शेवटच्या लॅपला (लॅप म्हणजे ट्रॅकची एक फेरी) लुईस हॅमिल्टन पहिला! रेड बुलच्या वेर्स्टापेनपेक्षा ०.०१८ सेकंदानं पुढं. फेरारीच्या लाल गाडीत बसून त्याचा दुसराच वीकेंड होता हा. सात वेळचा चॅम्पियन, मर्सिडीजमध्ये बारा सीझन काढून चाळिशीला आलेला माणूस फेरारीत येतो, लोक म्हणत होते आता काय करणार, त्यात आठवडाभरापूर्वी सीझनच्या पहिल्या रेसला मेलबर्नला पावसात दहावा आलेला.

शनिवारी सकाळी साडेआठला स्प्रिंट. १९ लॅपची छोटी रेस असते ती. सौदे सुरू व्हायला वेळ होता, दुकानाच्या ओट्यावर बसून सगळी बघितली आणि लुईसनं सुरुवातीपासून शेवटपर्यंत कुणाला पुढं जाऊच दिलं नाही, दुसऱ्या आलेल्या मॅक्लारेनच्या पियास्त्रीच्या पुढं जवळपास सात सेकंद. टायर इतके जपून वापरले की शेवटी बाकीच्यांचे संपले आणि ह्याची गाडी तशीच पळतेय. मी २००० पासून फेरारी बघतोय, शूमाकर जिंकायचा तेव्हा स्टार स्पोर्ट्सवर, आमच्याकडं केबल नव्हती म्हणून शेजारच्या काकांकडं जाऊन बसायचो, आणि शनिवारी परत तसं वाटलं. डोळ्यात पाणी आलं, खोटं कशाला सांगू. फेरारीचा दुसरा ड्रायव्हर लक्लेरक पाचवा आला म्हणजे सकाळी सकाळी टीमला ८ आणि ४ असे १२ पॉइंट. हमाल मंडळींना चहा पाजला.

मग दुपारी मेन रेसचं क्वालिफायिंग, तिथं गाडी बिघडल्यासारखी वाटली. स्प्रिंट झाल्यावर टीमला सेटिंग बदलायला परवानगी असते आणि एकदा क्वालिफायिंग सुरू झालं की परत हात लावता येत नाही. फेरारीनं बदल केले आणि ते उलटे पडले. लुईस पाचवा, लक्लेरक सहावा. पोल, म्हणजे पहिली जागा, पियास्त्रीला, त्याचा आयुष्यातला पहिला.

रविवारी साडेबाराला रेस. पहिल्याच लॅपला आपल्याच दोन गाड्या एकमेकाला घासल्या, लक्लेरकच्या फ्रंट विंगची, म्हणजे गाडीच्या नाकापुढच्या पंखाची, बाजूची पट्टी तुटून गेली. तरी पण तो तशाच तुटक्या विंगवर सगळे ५६ लॅप पळाला, टीमनं बदललीच नाही, आणि स्पीड बघाल तर लुईसपेक्षा जास्त! मधे लुईसनं त्याला पुढं जाऊ दिलं. लक्लेरकचा एकच पिट स्टॉप (टायर बदलायला थांबणं), लुईसचे दोन. शेवटी वेर्स्टापेननं लक्लेरकला गाठलं आणि हे दोघं पाचवे आणि सहावे. १० आणि ८, अठरा पॉइंट. फार भारी नाही पण मेलबर्नला दोघांचे मिळून पाचच होते, त्या मानानं बरं म्हणून टीव्ही बंद केला आणि जेवून झोपलो.

संध्याकाळी उठलो तर ग्रुपवर मेसेजचा पाऊस. घरात सगळे मुंबई चेन्नईच्या मॅचच्या तयारीत आणि मी मोबाईल धरून खुर्चीत तसाच. दोन्ही फेरारी बाद! लक्लेरकची गाडी एक किलोनं कमी भरली आणि लुईसच्या गाडीखालची फळी जास्त घासली.

नीट सांगतो. गाडीचं वजन ड्रायव्हर धरून, पेट्रोल न धरता, कमीत कमी ८०० किलो पाहिजे असा २०२५ चा नियम होता. म्हणजे पेट्रोल हे बारदान समजा, ते वजा करून निव्वळ माल मोजायचा. लक्लेरकच्या गाडीतलं पेट्रोल काढलं आणि वजन भरलं ७९९. आणि फळी म्हणजे गाडीच्या पोटाखाली लावलेली असते ती, १९९४ ला आयर्टन सेना हा ड्रायव्हर रेसमध्ये गेला त्यानंतर हे सुरू झालं, गाड्या जमिनीला फार चिकटून पळू नयेत म्हणून. नवी असते तेव्हा १० मिलिमीटर जाड, झिजून ९ च्या खाली गेली की बाद. लुईसची कुठं ८.६ तर कुठं ८.५ भरली. २०२५ च्या गाड्या जितक्या खाली बसतील तितक्या रस्त्याला चिकटायच्या आणि वळणावर तितक्या जोरात जायच्या, म्हणून सगळ्याच टीम अगदी काठावर जायच्या, फेरारी काठाच्या पलीकडं गेली.

ग्रुपवर एकच गोंधळ. एकजण म्हणतो विंग तुटली म्हणून वजन कमी भरलं, अन्याय आहे. भावा, तसं नाहीये, वजन करताना तुटकी काढून तशीच दुसरी विंग लावली होती. खरं कारण टायर. टीमनं स्वतःच सांगितलं की एका स्टॉपवर रेस काढल्यामुळं टायर फार झिजले आणि तितकं वजन गेलं. चार टायरचं रबर मिळून किलोच्या वर जातंच, आमच्याकडं हळद वाळताना तूट येते तशी ही पळताना आलेली तूट. आल्पीन टीमच्या गॅसलीची गाडी पण ७९९ भरून बाद झाली. दुसरा म्हणतो ८०० किलोच्या गाडीला एक किलो म्हणजे काय, सोडून द्यायचं. ह्यावर मात्र माझं कुणाशी पटणार नाही.

कारण मी रात्री आण्णांना सांगितलं. आण्णांना रेसमधलं काही कळत नाही, ते आपले टीव्हीसमोर धोनी येतोय का बघत बसलेले. सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न काय विचारला तर,

"काटा बघितला का कुणी?"

म्हटलं हो आण्णा, दोन वेगवेगळ्या काट्यांवर केलं, दोन्हीकडं ७९९, आणि काटा बरोबर आहे हे टीमच्या माणसासमोर तपासून दाखवलं, टीमनं पण मान्य केलं की चूक आमचीच.

"मग झालं की. मालकासमोर काटा तपासलाय म्हटल्यावर काय बोलायचं? वर्ताळा ठेवला न्हाई त्यांनी. तूट येणार ठाऊक हाय तर दोन किलो जास्तीचं घालून पाठवायचं."

मी म्हटलं जास्त वजन घातलं की गाडी हळू होते, दहा किलोला लॅपमागं साधारण ०.३ सेकंद जातात. आण्णांनी विचारलं मग दोन किलोला किती. मी हिशोब केला, लॅपमागं ०.०६, छप्पन्न लॅपचे तीन साडेतीन सेकंद. तेवढं गेलं असतं तरी लक्लेरक सहाव्याच्या खाली येत नव्हता हो! हे कळल्यावर मला जास्त वाईट वाटलं. काट्याचा राग नाहीच आला, राग टीमचा आला. जगात इतकी माणसं कॉम्प्युटर घेऊन बसलेली, आणि एका स्टॉपवर टायर किती झिजणार हा अंदाज धरून थोडं वजन राखून ठेवायचं कुणाच्या लक्षात येऊ नये? बरं हे पहिल्यांदा घडलंय असं पण नाही. २०२४ ला बेल्जियमच्या स्पा ट्रॅकवर मर्सिडीजचा रसेल एका स्टॉपवर रेस जिंकला, दीड किलो कमी भरला आणि पहिला नंबर गेला, तो मिळाला कुणाला तर त्याच टीममधल्या लुईसला. आणि २०२३ ला ऑस्टिनला फळी घासली म्हणून दोघं बाद झाले होते ते कोण, लुईस आणि लक्लेरकच, तेव्हा वेगळ्या टीममध्ये होते. म्हणजे दोघांनी पण हे भोगलेलं आहे.

१९९९ ला मलेशियात फेरारीच्या दोन्ही गाड्या पहिल्या दुसऱ्या आल्या आणि बाजूच्या पत्र्याच्या मापावरून बाद केल्या होत्या, पण ते अपिलात पलटलं आणि निकाल परत मिळाला. ह्या वेळी अपील करायला जागाच नाही, टीमनं चूक कबूल केलीय.

सगळ्यात लागलं ते साईन्झचं. लुईसला घ्यायचं म्हणून फेरारीनं ह्या ड्रायव्हरला सोडलं, मग तो विल्यम्समध्ये गेला. रेस संपली तेव्हा तेरावा होता, तीन गाड्या बाद झाल्यावर दहावा झाला आणि त्याला नव्या टीममधला पहिला पॉइंट मिळाला. त्याच्यासाठी आनंद झाला, मनापासून झाला.

फेरारीचे त्या दोन रेसचे मिळून १७ पॉइंट. अठरा गेले नसते तर ३५ असते, रात्रभर हाच आकडा डोळ्यासमोर.

सोमवारी कामावर गेलो. पोती काट्यावर चढत होती आणि प्रत्येक वेळी मी आधी झिरो बघत होतो, म्हणजे रोजच बघतो पण काल जरा जास्तच. शनिवारची स्प्रिंट मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवलीय, दुपारी डबा खाताना परत बघितली. ते ८ पॉइंट लुईसचेच आहेत, शनिवारचा निकाल कुणी काढून घेतलेला नाही.

रात्री जेवताना आण्णांनी स्वतःहून विचारलं, "पुढची कधी हाय रं तुझी ती शर्यत?"

"६ एप्रिलला आण्णा, जपानला. सकाळी साडेदहाला."

"त्या दिवशी रामनवमी हाय. बाराला जन्मकाळ असतोय, देवळात जायला लागंल."

म्हटलं दीड तासाचीच असते, बाराच्या आत संपेल.

"मग लाव," म्हणाले, "मी पण बसतो."